मोटारीच्या दुकानांतील मानापमान

विकणारा आणि घेणारा या दोघांपैकीं आर्जव कोणी करावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या समाजांत तो उद्भवतो त्या समाजाची आर्थिक कुंडलीच त्याच्या उत्तरांत मांडलेली असते. बाजारांत माल उदंड असला म्हणजे दुकानदार गादीवरून उठून 'या, बसा' म्हणतो. माल तुटपुंजा असला म्हणजे तोच दुकानदार वर्तमानपत्रांतून मान वर करीत नाहीं. हा नियम सर्वांच्या अनुभवाचा आहे. पण एक धंदा असा आहे कीं, तेथें मालाची किंमत कोटींत असते, गिऱ्हाइकें बोटांवर मोजण्याइतकीं असतात, आणि तरीहि आर्जव गिऱ्हाइकालाच करावें लागतें. तो धंदा म्हणजे उंची स्पोर्ट्स मोटारींचा. ही विसंगति माझ्या ध्यानांत आली ती एका लहानशा प्रसंगानें. आणि तिचें मूळ शोधतां शोधतां मुंबईच्या मोटारींचा शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास मला चाळावा लागला.

माझा एक जुना विद्यार्थी मुलुंडास राहतो. त्याचे वडील कुर्ल्याच्या मोटार-कारखान्यांत फिटर होते. मुलानें यंत्रांचे सुटे भाग करण्याचा कारखाना काढला, तो भरभराटीस आला, आणि शाळेंत असतांना ज्या मोटारीचें चित्र त्यानें चाळींतील भिंतीवर चिकटविलें होतें, त्या जातीची मोटार आपण घ्यावी असें पंचेचाळिशींत त्याच्या मनानें घेतलें. "सर, बाबा येताहेत, तुम्हीहि चला," असा त्याचा आग्रह पडला. दिवस पावसाळ्याचे, तिघांच्याहि पायांत रबरी चपला, आणि बाबांच्या हातांत नेहमींची कापडी पिशवी. शोरूममधील तरुण विक्रेत्यानें प्रथम आमच्या पायांकडे पाहिलें व नंतर आमच्या पाठीमागें दाराकडे. जणूं खरें गिऱ्हाईक आमच्या मागून यावयाचें होतें. विद्यार्थ्यानें मराठींत किंमत विचारली. उत्तर इंग्रजींत आलें, आणि तें उत्तरहि नव्हे, प्रतिप्रश्नच: भेटीची वेळ आधीं ठरविली आहे काय? सध्यां कोणती मोटार वापरतां? इतक्यांत वडील मोटारीचें दार आणि शेजारचा पत्रा यांमधील फटीवरून बोट फिरवून पाहूं लागले. "अंकल, हात लावूं नका," विक्रेता म्हणाला. ज्या हातानें आयुष्यांत हजारों दारें बसविलीं तो हात त्यांनीं मुकाट्यानें मागें घेतला. किंमत आम्हांस शेवटपर्यंत कळली नाहीं. 'कळवूं' असें आश्वासन मिळालें. कोणी कळविलें नाहीं.

परततांना विद्यार्थी फार तापला होता. "अलवारच्या महाराजांनीं केलें तेंच करायला पाहिजे, सर!" असें तो म्हणाला. अपमान झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकास ही अलवारची कथा आठवते. म्हणून इतिहासाच्या शिक्षकानें प्रथम तिचीच परीक्षा करणें योग्य होईल.

महाराजा जयसिंह साध्या वेषांत लंडनमधील रोल्स-रॉइसच्या दुकानांत गेले. विक्रेत्यानें त्यांस कोणी दरिद्री हिंदी मनुष्य समजून वाटेला लावलें. महाराज राजवेषांत परत आले, तेथील साऱ्या मोटारी एकदम विकत घेतल्या, आणि अलवारास आणून शहरांतील केर वाहण्याच्या कामीं जुंपल्या. कंपनीची अब्रू गेली व तिनें क्षमा मागितली. अशी ही कथा. जयसिंह १८९२ पासून १९३७ पर्यंत गादीवर होते, तेव्हां काळाचा मेळ बसतो. परंतु बारकाईनें पाहूं लागलें म्हणजे कथेचे सांधे निखळूं लागतात. हीच हकीकत हैदराबादच्या निजामाविषयीं सांगतात, भरतपूरकरांविषयीं सांगतात, पतियाळाच्या महाराजांविषयींहि सांगतात. मोटारींची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. एकच पराक्रम चार राजांच्या नांवावर चढला म्हणजे तो बहुधा त्यांच्यापैकीं कोणाचाच नसतो.

या कथेस दोन भावंडें आहेत. पहिलें इटलींतलें. फेरुच्चो लांबोर्गिनी हा ट्रॅक्टर बनविणारा कारखानदार. त्याच्याजवळील फेरारी मोटारीचा क्लच वारंवार बिघडे. तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला, तेव्हां 'तूं ट्रॅक्टर चालव' अशा अर्थाचें उत्तर मिळालें. म्हणून त्यानें १९६३ सालीं स्वतःचा मोटार-कारखाना काढला. कारखाना त्या सालीं निघाला हें निर्विवाद आहे. पण संभाषणाचा मुख्य आधार म्हणजे लांबोर्गिनीनें पुढें स्वतः केलेलें कथन. न्यायालयांत एका पक्षाच्या साक्षीवर निकाल होत नाहीं. दुसरें भावंड आमच्या मुंबईचें. जमशेटजी टाटांस काळ्या घोड्याजवळील वॉटसन हॉटेलांत प्रवेश नाकारला गेला, आणि त्या अपमानाचें उत्तर म्हणून त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, असें सांगतात. ताज १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें हें खरें. प्रवेश नाकारल्याची गोष्ट मात्र जाणत्या इतिहासकारांस संशयास्पद वाटते. मुंबईस प्लेगनें ग्रासलें असतां शहराची प्रतिष्ठा पुन्हां उभारावी हा हेतु त्या दूरदर्शी पुरुषास पुरेसा होता. त्यास दारवानाचा राग कशाला हवा?

तिन्ही कथांचा सांचा एक आहे. अपमान, मग अपार धन, मग सूड. आणि तिन्हींत सूड घेणारा मुळांतच राजा किंवा कोट्यधीश असतो. ज्याच्यापाशीं मोटारी केरास लावण्याइतकें द्रव्य नाहीं, किंवा समोर दुसरें हॉटेल बांधण्याचें सामर्थ्य नाहीं, त्यानें काय करावें, याविषयीं या कथा मौन धरतात. त्या आपणांस आवडतात त्या खऱ्या आहेत म्हणून नव्हे. आपली तळमळ दुसऱ्याच्या तिजोरींतून शांत होते म्हणून.

आतां दंतकथा सोडून घडलेल्या गोष्टीकडे वळूं. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. सह्याद्रीचे घाट, कच्चे रस्ते आणि धूळ यांतून जी मोटार न अडखळतां जाईल ती खरी, असा तिचा हेतु होता. तींत रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचें मोतीं', या नांवाची मोटार विजयी झाली, आणि ती पुढें ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं घेतली. या प्रसंगांत नम्र कोण आहे पहा. जगांतील उत्तम मोटार म्हणून मिरविणारी कंपनी आपला माल बोटींत घालून मुंबईस आणते, आणि तो घाटांतून हांकून दाखविते. कां, तर हिंदुस्थानांतील संस्थानिक हें तिला नवें व मोलाचें गिऱ्हाईक होतें, आणि मोटारीविषयीं त्याच्या मनांत अद्याप शंका होती. माल नवा, शंका ताजी, आणि स्पर्धा चालू; अशा वेळीं विक्रेता उद्धट राहूंच शकत नाहीं. लंडनच्या दुकानांतील उर्मटपणाची कथा सर्वतोमुखीं झाली, आणि कोल्हापूरच्या वाटेवरील ही नम्रता कोणाच्या स्मरणांत नाहीं, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

पुढील तीस-चाळीस वर्षें मुंबईच्या मोटारबाजाराची हीच रीत राहिली. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना घातला. फोर्डनेंहि मुंबईंत तसाच उद्योग मांडला. गिऱ्हाईक थोडें होतें, पण निवडीस वाव होता. हें चित्र पालटलें तें एका अत्यंत स्तुत्य आकांक्षेमुळें, ही इतिहासाची खोडी म्हणावी लागेल. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं हिंदी माणसानें मोटार बनवावी हा ध्यास घेतला. परकीय सरकारची उदासीनता सोसून त्यांनीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार केला. आणि १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिचा कारखाना मुंबईच्या उपनगरांत, कुर्ल्यास, उभा राहिला. प्रथम डॉज व प्लिमथ, नंतर इटलीच्या फियाटच्या परवान्यानें फियाट मोटारी, आणि सत्तरीच्या दशकांत 'पद्मिनी' हें नांव, असा तो क्रम आहे. ज्या उपनगरवासीयांनीं ती मोटार बनविली त्यांस ती घेणें मात्र दुरापास्त झालें.

याचें कारण स्वातंत्र्योत्तर नियोजनांत आहे. परकीय चलन तुटपुंजें. तेव्हां परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद, आणि देशी कारखान्यांनीं किती मोटारी काढाव्या हेंहि परवान्यानें बांधलेलें. मागणी वाढत गेली, पुरवठा तेथेंच राहिला. मग १९५९ सालीं मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. १९६० सालीं स्कूटरींवरहि तसाच निघाला. १९६९ सालीं मोटारीची किंमतच सरकारनें ठरवून दिली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हेतु असा कीं, टंचाईचा फायदा नफेबाजांनीं उठवूं नये. परिणाम असा झाला कीं, विक्रेत्याचें विक्रीचें काम संपलें आणि त्याच्या हातीं रांग आली. ज्यास विकावयाचें नाहीं, केवळ पाळी जाहीर करावयाची आहे, तो विक्रेता राहत नाहीं. तो लहानसा अधिकारी होतो. त्याच्यापाशीं गोडवा कोठून येणार? ठरलेल्या किमतीवर गुपचूप द्यावयाच्या रकमेस मुंबईच्या बाजारांत 'ऑन' हा शब्द रूढ झाला.

आमच्या अंधेरीच्या घरीं १९७५ सालीं नोंदविलेली स्कूटर मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत असतांना आली. दर दोन-तीन महिन्यांनीं वडील एजंटाच्या कचेरींत जात. शाळेंत मुलें ज्यांस चळचळां कांपत, असे माझे मास्तर-वडील तेथील कारकुनासमोर टोपी काढून उभे राहत, आणि 'साहेब, आमचा नंबर कुठवर आला?' असें विचारीत. कारकून वयानें त्यांच्या मुलाएवढा असेल. तें दृश्य मला आज पन्नाशी उलटल्यावरहि आठवतें, आणि त्या दिवशीं शोरूममध्यें बाबांनीं हात मागें घेतला तेव्हां प्रथम तेंच आठवलें. मुलुंडच्या त्या वृद्ध फिटरांची आठवणहि याच जातीची आहे. ते म्हणाले, "आमच्या काळीं गाडी मिळाली हेंच नशीब. रंग कोणता हवा हें गिऱ्हाइकानें विचारायचें नाहीं, मिळेल तो घ्यायचा. दार नीट लागलें नाहीं तर लोक आम्हांला शिव्या देत नसत; पेढे वांटून झाल्यावर मेकॅनिककडे नेत." गुणवत्तेचा ऱ्हास आणि विक्रेत्याचा तोरा हीं एकाच टंचाईचीं जुळीं लेंकरें होत, हें अर्थशास्त्र त्यांनीं दोन वाक्यांत सांगितलें.

मात्र त्याच काळीं मुंबईच्या मध्यमवर्गानें या अपमानास एक उत्तर शोधलें, आणि तें अलवारच्या कथेहून मला अधिक अभिमानास्पद वाटतें. १९७५ सालीं बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेनें मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली; भावगीतांचे सम्राट सुधीर फडके हेहि त्या कार्यांत होते. शेजारचीं कांहीं कुटुंबें मिळून एक संघ करावयाचा. महिन्याच्या मालाची यादी एकत्र भरावयाची. माल घाऊक आणून कोणा एका सभासदाच्या घरीं वांटून घ्यावयाचा. अशी तिची साधी पद्धत. पार्ल्यांतील तिच्या 'ग्राहक भवना'वरून जातांना मला नेहमीं वाटतें कीं, येथें मानी गिऱ्हाइकांनीं दुकानदारावर सूड न घेतां त्याच्याशिवाय आपलें चालवून दाखविलें. देशांतील अशाच चळवळींतून पुढें १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलांत आला.

परंतु डाळ-तांदूळ संघानें आणतां येतो. मोटार आणतां येत नाहीं. आणि कायद्याचीहि एक मर्यादा येथें दिसते. श्रीमंतांस कायद्याची दारें बंद आहेत असें नव्हे. एखाद्या कंपनीनें आपल्या संचालकाच्या वापरासाठीं घेतलेली उंची मोटार ही व्यापारी हेतूची खरेदी मानून तक्रार फेटाळतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें दिला. तेव्हां मोटार सदोष निघाली तर तिचा धनी ग्राहकच ठरतो. पण कायद्याच्या दृष्टीनें ग्राहक तो, ज्यानें मोबदला दिला किंवा देण्याचें कबूल केलें. जो केवळ किंमत विचारावयास उंबऱ्यावर उभा आहे आणि ज्यास किंमतच सांगितली जात नाहीं, तो अद्याप कोणीच नाहीं. अपमान नेमका त्या उंबऱ्यावर होतो.

१९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुती रस्त्यावर आली, १९९३ सालीं मोटार-उद्योगाचा परवाना उठला, आणि १ एप्रिल २००१ पासून परदेशी मोटारींवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंधहि गेले. साध्या मोटारीच्या दुकानांत त्यामुळें क्रांतीच झाली. जेथें वडील टोपी काढून उभे राहत तेथें मुलास चहा विचारूं लागले, आणि विक्रेते घरीं येऊन मोटार चालवून दाखवूं लागले. १९०८ ची नम्रता परतली, कारण १९०८ ची परिस्थिति परतली. मग स्पोर्ट्स मोटारीचा विक्रेता तेवढा जुन्या काळांत कां राहिला?

आयातीवरील कर हें एक कारण सांगतात. २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांस फेरारी भेट मिळाली, तेव्हां तिच्यावरील कोटीच्या घरांतील जकात माफ करावी कीं नाहीं यावर देशभर वाद माजला, आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीनें भरली. २०१३ सालीं उंची आयात मोटारींवरील कर किमतीच्या बरोबरीचा, म्हणजे शंभर टक्के, करण्यांत आला. यामुळें गिऱ्हाईक विरळ झालें खरें. पण विरळ गिऱ्हाइकास अधिक जपावें, हें व्यवहाराचें शहाणपण. म्हणून खरें कारण निराळें आहे. कुर्ल्याच्या मोटारीची टंचाई सरकारनें केली होती. स्पोर्ट्स मोटारीची टंचाई कारखानदार स्वतः करतो. मागणीपेक्षां एक मोटार कमी विकावी, हें धोरण एन्झो फेरारीच्या नांवावर सांगितलें जातें. विशेष मोटार हवी असेल तर आधीं साध्या घ्याव्या, आपली निष्ठा सिद्ध करावी, मग पाळी येईल, हा या धंद्याचा जगभर चालणारा परिपाठ आहे. रांग तीच, नंबर तोच, आणि 'आमचा नंबर कुठवर आला?' हा प्रश्नहि तोच. फरक इतकाच कीं, माझे वडील रांगेंत नाइलाजानें उभे होते, आणि हे लोक हौसेनें उभे राहतात.

याहूनहि पुढची गोष्ट मॉर्गन वॉर्ड व डॅरेन डाल या दोन संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केली. उंची मालाच्या दुकानांत तुच्छतेनें वागविलेल्या गिऱ्हाइकांपैकीं ज्यांस त्या मालाच्या वर्तुळांत शिरण्याची आस असते, त्यांची त्या मालाविषयींची इच्छा अपमानानें कमी न होतां वाढते, असें त्यांस आढळलें. साध्या दुकानांत तसें होत नाहीं. आणि काळ लोटल्यावर ती इच्छाहि ओसरते. म्हणजे विक्रेत्याचा तोरा हा नेहमींच शिकवणुकीचा अभाव नसतो. तो मालाचाच एक भाग होऊन बसतो. जो मनुष्य दुसऱ्यांस मिळत नाहीं एवढ्याचसाठीं मोटार घेतो, तो खरें पाहतां बंद दार विकत घेत असतो. तें दार एक दिवस त्याच्याच तोंडावर लागलें तर तक्रार करण्याचा त्याचा अधिकार फार मोठा नव्हे, असें मला प्रांजळपणें म्हणावेंसें वाटतें.

परंतु प्रत्येक गिऱ्हाईक तसें नसतें, आणि येथेंच खरा अन्याय आहे. जानेवारी २०२२ मध्यें कर्नाटकांत तुमकूर येथें एक शेतकरी मालवाहू गाडी घ्यावयास गेला. खिशांत दहा रुपये तरी आहेत काय, अशा भाषेंत त्याची संभावना झाली. त्यानें थोड्याच वेळांत दहा लाख रुपये आणून पुढें ठेवले. मग मात्र गाडी ताबडतोब देतां येईना. प्रकरण गाजलें व दुकानाच्या लोकांनीं क्षमा मागितली. वृत्तपत्रांनीं याचें वर्णन पुन्हां अलवारच्या सांच्यांतच केलें, जणूं दहा लाख आणले म्हणून तो सन्मानास पात्र ठरला. ते त्यास मिळाले नसते तर काय? त्या शेतकऱ्यास गाडी प्रतिष्ठेसाठीं नको होती, शेतींतला माल वाहण्यासाठीं हवी होती. आणि मुलुंडच्या त्या वृद्ध फिटरांस मोटारीच्या दारावरून बोट फिरवावयाचें होतें तें चाळीस वर्षें ज्या विद्येची उपासना केली तिचें परदेशांतील पूर्ण रूप कसें असतें हें कळावें म्हणून. त्या दुकानांतील मालाचा त्यांच्याइतका जाणता पारखी त्या दिवशीं दुसरा कोणी आला नसेल.

माझ्या विद्यार्थ्यानें अद्याप मोटार घेतलेली नाहीं. सूड म्हणून तेथेंच जाऊन घ्यावी कीं दुसरीकडे घ्यावी, कीं मुळींच घेऊं नये, याविषयीं त्यानें माझें मत विचारलें. मी त्यास सांगितलें कीं, सूडासाठीं केलेली खरेदी ही विक्रेत्याचीच जीत असते. जेथें वडिलांस दार उघडून पाहूं देतील तेथें, मग तें दुकान मुंबईंत असो वा परगांवीं, मोटार घ्यावी. आणि तसें दुकान न मिळालें तर पैसे स्वतःच्या कारखान्यांत घालावे. कुर्ल्याच्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. तिच्याबरोबर रांगेचें तें युग संपलें, असें आपण समजतों. पण टंचाई सरकारनें केलेली असो वा कारखानदारानें, जोंवर आपण रांगेंत उभे राहण्यास भूषण मानूं, तोंवर पलीकडच्या मनुष्यास मान वर करण्याचें कारण पडणार नाहीं.